तोच गायक, तेच गाणं, तरी बाबा म्हणाले “हा तो नव्हे”

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडील मर्चंट नेव्हीत होते. १९६१ साली त्यांनी इंग्लंडच्या एका बंदरातून अमेरिकन गायक रिकी नेल्सनची ‘हॅलो मेरी लू’ आणि ‘ट्रॅव्हलिन मॅन’ ही तबकडी आणली, ती अजून घरात आहे. परवा मुलीने फोनवर तेच गाणं लावलं. नाव तेच, फोटोही तोच तरणाबांड. पण दोन ओळी झाल्या आणि वडील म्हणाले, “हा तो नव्हे.” शोधल्यावर कळलं, की या गायकाने स्वतःचीच जुनी गाणी पुढे पुन्हा रेकॉर्ड केली होती. असं का करतात? ही फसवणूक म्हणायची का? आणि त्याच माणसाने गायलेलं तेच गाणं वेगळं का लागतं?

पहिलं म्हणजे, बाबांचा कान शाबूत आहे. तुम्ही ऐकलंत ते बहुधा १९८५ सालचं रेकॉर्डिंग. गाणारा रिकी नेल्सनच आहे, फक्त पंचेचाळीस वर्षांचा. तबकडीतला मुलगा विशीतला आहे. मी मुंबईत स्पूल टेपच्या जमान्यात स्टुडिओत उमेदवारी केली आणि नंतरची पंचवीसेक वर्षं अमेरिकेत जुन्या टेपा साफ करून त्यांचं मास्टरिंग, म्हणजे छापण्याआधीची शेवटची तयारी, करण्यात घालवली. या एका घोळाने मला जितका त्रास दिला तितका बुरशी धरलेल्या टेपांनीही दिला नसेल.

फसवणुकीचं मागाहून बघू. आधी पैशाचं, कारण मूळ तिथे आहे.

एका तबकडीत दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक म्हणजे गाणं: शब्द आणि चाल. ती गीतकार-संगीतकाराची आणि त्यांच्या प्रकाशकाची. दुसरी म्हणजे त्या दिवशी त्या खोलीत टेपवर उतरलेला आवाज, ज्याला आम्ही ‘मास्टर’ म्हणतो. १९५०च्या दशकातल्या करारांप्रमाणे हा मास्टर कंपनीचा, कायमचा. गायकाला विक्रीवर लहानशी टक्केवारी, आणि त्यातूनही स्टुडिओचा खर्च आधी वळता. करार करताना मुलं पंधरा-सोळा-सतरा वर्षांची असत, सही आईवडील करत. पुढे कंपनी विकली गेली की टेपाही विकल्या जात, गोठ्यासकट म्हशी विकाव्या तशा. रिकीची गाणी इम्पीरियल कंपनीची होती. इम्पीरियल १९६३ साली लिबर्टीकडे गेली, लिबर्टी युनायटेड आर्टिस्ट्समध्ये मिसळली, १९७९ साली तो सगळा गाडा ईएमआयने घेतला. ज्या माणसाचा आवाज त्यात भरलेला होता, त्याला यातलं काही विचारायची गरज कोणाला नव्हती.

आता गंमत बघा. अमेरिकेत १९०९च्या कायद्यापासून अशी तरतूद आहे की एखादं गाणं एकदा तबकडीवर आलं, की ठरलेलं शुल्क भरून कोणीही ते पुन्हा रेकॉर्ड करू शकतो. १९७८पर्यंत हे शुल्क छापलेल्या प्रत्येक प्रतीत गाण्यामागे फक्त दोन सेंट होतं. आपल्याकडेही कायद्यातल्या तशाच वाटेने ऐंशीच्या दशकात ‘व्हर्शन’ कॅसेटींचा सुळसुळाट झाला होता, फरक एवढाच की तिथे गळा दुसऱ्याचा असे. मग ‘कोणीही’मध्ये मूळ गायक येत नाही का? येतो. त्याला अडवतं ते करारातलं एक कलम: अमुक वर्षं हे गाणं दुसऱ्या कंपनीसाठी पुन्हा गायचं नाही. साधारणपणे रेकॉर्डिंगपासून पाच वर्षं किंवा करार संपल्यापासून दोन वर्षं, यातलं जे नंतर येईल ते. ही मुदत सरली की गायक मोकळा. नवा मास्टर करायचा, तो स्वतःच्या नावावर किंवा नव्या कंपनीच्या नावावर ठेवायचा, आणि सिनेमावाला किंवा जाहिरातवाला ‘ते जुनं गाणं हवंय’ म्हणत आला की त्याच्यासमोर आपली टेप ठेवायची. सिनेमात गाणं वापरायला दोन परवानग्या लागतात, एक गाण्याची आणि एक मास्टरची. दुसऱ्या परवानगीचे पैसे अशा वेळी गायकाच्या खिशात जातात.

त्या पिढीतल्या बहुतेकांनी हे केलं, आणि आपण समजतो त्यापेक्षा फार लवकर केलं. पॉल अँकाचं ‘डायना’ १९५७चं, तो तेव्हा पंधरा वर्षांचा. १९६३ साली, म्हणजे जेमतेम सहा वर्षांनी, आरसीए या त्याच्या नव्या कंपनीसाठी त्याने आपली एकवीस गाणी पुन्हा गाऊन मोकळी केली. एव्हर्ली बंधूंनी केडन्स कंपनी सोडून वॉर्नरकडे गेल्यावर १९६४ साली तेच केलं, आणि त्या नव्या आवृत्त्या इतकी वर्षं बाजारात फिरल्या की कित्येकांना त्याच मूळ वाटतात. अँका मात्र आणखी पुढे गेला. त्याने जुन्या कंपनीकडून आपले मूळ मास्टरच विकत घेतले. विशीतल्या गायकाने त्या काळात असा विचार करावा याचं मला अजून नवल वाटतं. अलीकडे टेलर स्विफ्टने २०२१पासून जुने अल्बम पुन्हा गायले आणि २०२५ साली मूळ मास्टर विकत घेतले, तेव्हा लोकांना ही नवी युक्ती वाटली. साठ वर्षांपूर्वी अँका हा कॅनेडियन मुलगा दोन्ही करून बसला होता.

फिलाडेल्फियाच्या मुलांची तऱ्हा अजून वेगळी. चबी चेकर, बॉबी रायडेल ही गायक मंडळी कॅमिओ-पार्कवे कंपनीची. १९६७ साली ती कंपनी ॲलन क्लाइन या व्यवस्थापकाच्या हाती गेली आणि मूळ टेपा जवळजवळ कुलूपबंदच झाल्या. सीडीचं युग आलं, ओसरायला लागलं, तरी ही गाणी अधिकृतपणे सीडीवर नाहीत. ती आली २००५ साली. मधल्या काळात दुकानात रायडेलची ‘हिट्स’ म्हणून जी सीडी मिळे, ती त्याने नव्वदच्या दशकात के-टेल या संकलनं विकणाऱ्या कंपनीसाठी पुन्हा गायलेली. इथे गायकाला हावरट म्हणणारे मला भेटलेत. अहो, त्याने करायचं काय? स्वतःचं गाणं दुकानात असावं असं वाटलं तर पुन्हा गाण्याखेरीज त्याच्या हातात दुसरं होतं काय?

(एक आडवळण: चेकरचं ‘द ट्विस्ट’ हेच मुळी हँक बॅलर्डच्या गाण्याची हुबेहूब नक्कल होती. पुढे नक्कल करणाऱ्यावर स्वतःचीच नक्कल करायची पाळी आली.)

आता रिकीकडे येऊ, कारण त्याच्या बाबतीत नुसता हिशेब नाही. हा मुलगा आईवडिलांबरोबर टीव्हीवर वाढला. घरातलीच माणसं घरातल्याच भूमिका करायची, अशी ती मालिका. १९५७ साली तो त्यात गायला आणि वर्षभरात देशातल्या पोरी वेड्या झाल्या. ४ ऑगस्ट १९५८ला बिलबोर्ड या संगीत-व्यवसायाच्या साप्ताहिकाने ‘हॉट हंड्रेड’ यादी सुरू केली, तिच्यावरचं पहिलंवहिलं पहिल्या क्रमांकाचं गाणं याचं, ‘पुअर लिटल फूल’. पुढे बीटल्स आले आणि याची लाट ओसरली. ऑक्टोबर १९७१मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जुन्या गायकांचा मोठा कार्यक्रम झाला. हा लांब केस राखून गेला, जुनी गाणी म्हणून झाल्यावर रोलिंग स्टोन्सचं एक गाणं घेतलं, आणि प्रेक्षकांतून हुर्यो ऐकून मंचावरून उतरला. त्या रागातून त्याने ‘गार्डन पार्टी’ लिहिलं. नुसत्या जुन्या आठवणीच गात बसायचं असेल तर दुसरा धंदा बरा, असा त्याचा रोख. १९७२ साली ते अमेरिकेत सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं.

आणि तोच माणूस १९८५ साली स्टुडिओत बसून आपली वीसेक जुनी गाणी पुन्हा गातो. टीव्हीवर जाहिरात करून टपालाने विकायचा अल्बम होता तो, ‘ऑल माय बेस्ट’. हे वाचून ‘शेवटी शरण गेला’ असं म्हणणं सोपं आहे. मला तसं वाटत नाही. सत्तरच्या दशकात त्याला ती गाणी लोकांसाठी गावी लागत होती, स्वतःसाठी नाही. ऐंशीच्या दशकापर्यंत त्या गाण्यांशी त्याचा समेट झाला होता. त्याच वर्षी तो फॅट्स डॉमिनोबरोबर एका मंचावर गायला, ज्याचं गाणं घेऊन त्याने सुरुवात केली होती त्याच डॉमिनोबरोबर. ३१ डिसेंबर १९८५ला डॅलसच्या कार्यक्रमाला जाताना टेक्सासात डी काल्बजवळ त्याचं विमान पेटलं आणि तो, त्याची होणारी बायको आणि साथीदार गेले. म्हणून त्या अल्बमला नकळत मृत्युपत्राचं वजन आलं. तो नुसता ऐकला तर चांगला आहे. गळा भरलेला, सूर पक्का. बाबांना तो ‘तो नव्हे’ वाटला, कारण तो खरंच नाही.

का नाही, हे सांगायला मला थोडी जागा लागेल, कारण माझी रोजीरोटी याच्यावर चालली.

लोकांना वाटतं, वय झालं, आवाज बदलला, संपलं. वयाने फरक पडतोच. पट्टी उतरते. आपल्या पेटीच्या भाषेत, काळी तीनचं गाणं काळी एकवर येतं, गिटारच्या उघड्या तारांचा नाद बदलतो, आणि ऐकणाऱ्याला नेमकं काय बदललं ते न कळता खटकतं. पण पॉल अँका बाविशीतही स्वतःसारखा लागत नाही. तेव्हा वय हे पूर्ण उत्तर नव्हे.

दुसरं कारण खोलीचं. १९५८-६१च्या रेकॉर्डिंगला सगळे एका खोलीत एकत्र वाजवायचे. ड्रमचा आवाज गायकाच्या माईकमध्ये घुसायचा, गिटारचा ड्रमच्या माईकमध्ये. आम्ही याला गळती म्हणायचो आणि ती कमी करायला धडपडायचो. पण ही गळतीच त्या जुन्या आवाजाला एकजीव करते, आमटीत फोडणी मुरावी तशी. घुमारा हवा असेल तर रिकाम्या खोलीत स्पीकर लावून तिथला आवाज दुसऱ्या माईकने उचलायचा. १९८५मध्ये चोवीस ट्रॅकची टेप. प्रत्येक वाद्याला तोंडाशी माईक, प्रत्येकाचा वेगळा कप्पा, आणि घुमारा डिजिटल पेटीतून. सगळं स्वच्छ. इतकं स्वच्छ की माणसं एकमेकांना ऐकत होती की नाही याची शंका यावी. त्या काळच्या ड्रमचा तो फुगलेला ‘धप्प’ तर पुराव्यासारखा आहे. कोणतंही जुनं गाणं त्या धप्पेने सुरू झालं की मी वर्ष विचारत नाही.

तिसरं साथीदारांचं. ‘हॅलो मेरी लू’च्या मधला गिटारचा तुकडा जेम्स बर्टनचा. हा पुढे एल्व्हिसबरोबर १९६९पासून शेवटपर्यंत वाजवत होता. गिटारच्या वरच्या तारांच्या जागी बँजोच्या पातळ तारा चढवून तो त्या हव्या तशा वाकवायचा, म्हणून ती वाकवण बोलल्यासारखी लागते. दुसरा वादक तेच सूर वाजवू शकतो. वाजवतोही. पण तो पाठ केलेला तुकडा वाजवतो. बर्टन त्या दिवशी तो शोधत होता.

इथेच खरा मुद्दा आहे, आणि तो समजायला मला बरीच वर्षं लागली. मूळ रेकॉर्डिंग करताना गायकाला गाणं येत नसतं. येत नसतं म्हणजे, दोन-चार दिवसांपूर्वी हाती आलेलं असतं. शब्द कागदावर, श्वास कुठे घ्यायचा ते अजून ठरायचंय, एखाद्या ओळीला तो थोडा घाबरलेला आहे. ती सावध चाल, ती अंदाज घेत टाकलेली पावलं टेपवर उतरतात. त्यानंतर पंचवीस वर्षं तो ते मंचावर म्हणतो, हजारो वेळा. गाणं अंगवळणी पडतं. मग तो ठेक्याच्या किंचित मागे रेलतो, ओळीच्या शेवटी छोटी मुरकी घेतो, शब्द निम्मे खातो, कारण पुढचं प्रेक्षक म्हणतातच. स्टुडिओत त्याला कितीही सांगा, ‘जुनं ऐका आणि तसंच म्हणा’, त्याला ते जमत नाही. विसरणं हे ठरवून करता येत नाही. मी एका ज्येष्ठ गायकाला हेडफोनवर त्याचंच जुनं गाणं पुन्हा पुन्हा ऐकताना पाहिलंय. तासाभराने हेडफोन काढून तो हसला आणि म्हणाला, हा मुलगा चांगला गातो, पण मी याला ओळखत नाही.

म्हणून माझं मत असं आहे: हुबेहूब करायला गेलेलं पुनर्गायन नेहमी फिकं पडतं, आणि ज्यात गायक गाणं बदलू देतो ते कधीकधी मूळाच्या शेजारी बसतं. नील सेडाकाचं ‘ब्रेकिंग अप इज हार्ड टू डू’ १९६२ साली पहिल्या क्रमांकावर गेलं. उड्या मारणारं, टाळ्यांचं, विरहाचं असून विरहाचा पत्ता नसलेलं. १९७५ साली त्याने तेच संथ लयीत, पियानोवर, वाकलेल्या माणसासारखं गायलं, आणि १९७६च्या सुरुवातीला ते पुन्हा पहिल्या दहांत आलं. शब्द तेच. पहिल्यांदा ते गाणारा मुलगा होता, दुसऱ्यांदा ते ज्याच्यावर बेतलंय असा माणूस. क्लिफ रिचर्डने (जन्म लखनौचा, १९४० सालचा, १९४८ साली घर इंग्लंडला गेलं) आपल्या १९५९च्या ‘लिव्हिंग डॉल’ची १९८६ साली विनोदी नटांबरोबर धर्मादाय कामासाठी चक्क टर उडवली, आणि तेही ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याच क्लिफने २००९ साली शॅडोज या जुन्या साथीदारांना घेऊन जुनी गाणी सरळपणे पुन्हा केली. नीटनेटकी आहेत. मी दोनदा ऐकली, तिसऱ्यांदा मूळ लावली.

फसवणुकीचं म्हणाल तर गायन ही फसवणूक नाही. फसवणूक वेष्टनावर होते. पंचेचाळिशीतल्या गायनावर अठराव्या वर्षीचा फोटो छापायचा आणि ‘पुन्हा ध्वनिमुद्रित’ हे शब्द मुंगीच्या अक्षरात मागे टाकायचे, किंवा टाकायचेच नाहीत, हे विक्रेत्याचं काम. ‘मूळ कलाकार’ ही छापील ओळ तर मोठी लबाड. कलाकार मूळ आहे हे खरंच, रेकॉर्डिंग मूळ आहे असं कुठे म्हटलंय? मीही एकदा यात पडलो. एका कंपनीच्या संकलनासाठी आलेल्या टेपांच्या पेटीवर वर्ष १९६० लिहिलेलं होतं, घाई होती, मी पेटीवर विश्वास ठेवून मास्टरिंग केलं. दोन महिन्यांनी एका निवृत्त शिक्षकाचं पत्र आलं: सातव्या गाण्यात बास गिटार आहे, मूळ गाण्यात उभा बास (व्हायोलिनसारखं माणसाएवढं वाद्य) होता. मी पुन्हा ऐकलं आणि कान धरले. तेव्हापासून पेटीवरचं वर्ष मी सगळ्यात शेवटी वाचतो.

ॲपवर मूळ शोधायचं तर तिथल्या वर्षावर जाऊ नका. ते बहुधा संकलन निघाल्याचं वर्ष असतं. गाण्याला जो आयएसआरसी क्रमांक (प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख-क्रमांक) असतो, त्यातले वर्षाचे आकडेसुद्धा तो क्रमांक कधी दिला ते सांगतात, गाणं कधी गायलं ते नव्हे. हक्कधारकाच्या नावाची ओळ वाचा. एरवी परस्पर वेगवेगळ्या कंपन्यांची असलेली गाणी एकाच अनोळखी नावाखाली दिसली, तर सावध व्हा. मग कानाला विचारा: ड्रम कसा वाजतोय, आवाज डावीकडे-उजवीकडे मोकळा पसरलाय का, गायक ओळीचा शेवट सरळ सोडतो की लाडाने वळवतो. जर्मनीची बेअर फॅमिली ही कंपनी मूळ टेपांवरून मोठे संच काढते आणि प्रत्येक गाण्याच्या रेकॉर्डिंगची तारीख देते. महाग असतात, पण त्यांच्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवतो.

यात एक उलटा डाव झालाय, तोही सांगून टाकतो. युरोपात ध्वनिमुद्रणाचा हक्क पन्नास वर्षांचा होता. २०१३ साली तो सत्तरचा झाला, पण १९६२पर्यंतची प्रकाशित रेकॉर्डिंग आधीच सुटली होती, ती परत बांधली गेली नाहीत. म्हणजे तिथे तुमच्या तबकडीतलं मूळ रेकॉर्डिंग आज कोणीही, गाण्याचं शुल्क भरून, छापू शकतो, आणि १९८५चं पुनर्गायन मात्र अजून राखीव आहे. त्यामुळे मूळ गाण्यांच्याच पन्नास स्वस्त प्रती ॲपवर सापडतील. त्यातल्या कित्येक झिजक्या तबकडीवरून उतरवून, खरखर घालवायच्या नादात झांजांचा आवाजही घालवून बसलेल्या. मूळ असूनही ऐकवत नाहीत अशा.

तेव्हा घरातल्या तबकडीची काळजी घ्या. इंग्लंडमध्ये घेतलेली असेल तर लेबल इम्पीरियलचं नसून ‘लंडन’चं असणार, तिकडे रिकीची गाणी त्याच नावाने निघत. मधला तुकडा दाबून निघणारा असेल तर तसाच राहू द्या, साध्या रेकॉर्ड प्लेयरवर ती तशीच बसते. जुनाट सुई लावू नका. आधी थंड पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ कापडाने, खाचांच्या दिशेने, लेबलला पाणी न लावता पुसा. उभी ठेवा, एकावर एक रचू नका. ऐकताना ‘हॅलो मेरी लू’च्या मधल्या तुकड्याला बाबांच्या चेहऱ्याकडे बघा, आणि दुसऱ्या बाजूचं गाणं लावायला विसरू नका. अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं होतं ते ‘ट्रॅव्हलिन मॅन’.